लंबगोल खड्याचा हिशोब

हिऱ्याच्या व्यापाऱ्याने पुडी उघडली की बहुतेक हिरे गोल निघतात. माणिक, नीलम, पुष्कराज विकणाऱ्याच्या पुडीत मात्र गोल खडा शोधावा लागतो. जिकडे पाहावे तिकडे लंबगोल, बाजारातल्या भाषेत ओव्हल. डोळ्यांना तो इतका सवयीचा झाला आहे की रंगीत खडा म्हटले की त्याच आकाराचे चित्र समोर येते. हाच आकार का, असे विचारले तर ‘बोटावर शोभतो, बोट लांबसडक दिसते’ एवढे उत्तर सराफाकडून मिळते. ते खोटे नाही. पण पैलू पाडणारा कारागीर ओबडधोबड दगड उजेडासमोर धरून फिरवत असतो, तेव्हा गिऱ्हाइकाचे बोट त्याच्या मनात नसते. त्याच्या मनात वजन असते.

श्रीलंकेत रत्नपुराच्या आसपास, भातशेतांच्या खाली आणि जुन्या नद्यांच्या पात्रांत, वाळू-गोट्यांचा एक थर सापडतो. तिथले लोक त्याला ‘इल्लम’ म्हणतात. खड्डा खणायचा, पाणी उपसत राहायचे, थर लागला की तो टोपल्यांत भरून पाण्यात घोळवायचा आणि तळाशी राहिलेल्या जड खड्यांत रत्न शोधायचे, अशी ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. नीलमचा मूळ स्फटिक सहा बाजूंचा, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता असतो. पाण्याबरोबर घरंगळत त्याच्या कडा झिजतात आणि शेवटी माणसाच्या हाती येतो तो लांबोडका गोटा.

या गोट्यातून गोल खडा काढायचा तर दोन्ही टोके छाटावी लागतात. चौकोनी काढायचा तर बाजूंचा फुगवटा वाया जातो. लंबगोल त्याच्यात जवळजवळ आधीपासूनच दडलेला असतो, नासाडी सगळ्यांत कमी होते. हिऱ्याचे गणित निराळे. चांगला हिरा आठ त्रिकोणी बाजूंच्या स्फटिकात येतो. तो मधून कापला की दोन तुकडे होतात आणि प्रत्येकातून एक गोल खडा निघतो. पाचूचा स्फटिक षटकोनी खांबासारखा वाढतो, म्हणून पाचूला आयताकृती घाट, आणि तो ठिसूळ असल्यामुळे त्याचे चारही कोपरे आधीच छाटलेले. टूर्मलीन तर आणखी लांबट, म्हणून त्याच्या लांब पट्ट्या. बहुतेक रत्नांचा बाजारातला आकार दागिना घडवणाऱ्याच्या कल्पनेपेक्षा जमिनीनेच आधी ठरवलेला असतो.

कच्चा दगड वजनावर घेतला जातो, तयार खडा वजनावर विकला जातो, आणि मधल्या कामात बऱ्याचदा निम्म्याहून अधिक माल पूड होऊन चाकावरून वाहून जातो. पैसे मोजून घेतलेला माल धुवून टाकायचा, हाच हा धंदा. त्यामुळे प्रत्येक घाव, प्रत्येक घासणी ‘यात किती जाणार’ या प्रश्नाशी बांधलेली असते.

वजनाचे हे वेड आपल्याकडे जुने आहे. फ्रेंच जवाहिऱ्या तॅव्हर्निये १६६५ मध्ये औरंगजेबाच्या दरबारी होता आणि बादशहाचा रत्नसंग्रह त्याने हाताळून पाहिला. ‘ग्रेट मोगल’ नावाने पुढे गाजलेल्या हिऱ्याची कथा त्याने लिहून ठेवली आहे. पावणेआठशेहून अधिक कॅरटचा कच्चा हिरा व्हेनिसच्या बोर्जिओ नावाच्या कारागिराकडे दिला गेला, आणि त्याने घासून घासून तो २८० कॅरटवर आणला. मजुरी तर मिळाली नाहीच, उलट दहा हजार रुपये दंड झाला. त्याच्याजवळ जास्त असते तर तेही गेले असते, असे तॅव्हर्नियेच सांगतो. मोगलांना लाल स्पिनेल प्रिय होते. ते नुसते गुळगुळीत करून, भोक पाडून ओवायचे आणि त्यांवर बादशहांची नावे कोरायची, अशी पद्धत होती. पैलू पाडायचेच तर डाग झाकण्यापुरते. युरोपीय प्रवासी यावर नाके मुरडत. मला त्या जुन्या जवाहिऱ्यांचा व्यवहार अगदी समजण्यासारखा वाटतो, कारण त्यांना खड्याच्या तळाशी कोन साधण्याची गरजच नव्हती. कोंदणात खड्याची पाठ बंद असते आणि खड्याखाली चकचकीत पातळ पत्रा बसवलेला असतो. खड्यात शिरलेला उजेड परत पाठवायचे काम तो पत्रा करतो. खडा चपटा असो, वेडावाकडा असो, लखलखाट त्याच्या खालून येतो.

खड्याची पाठ उघडी पडली आणि हे काम त्याच्या अंगावर आले. नखांच्या अंगठीत खडा चार-सहा काट्यांवर अधांतरी बसतो. खाली पत्रा नाही, आरसा नाही. आता खड्याच्या तळाच्या पैलूंनीच आरसा व्हायचे. लंबगोलाची खरी अडचण सुरू होते ती इथून.

वरून शिरलेला प्रकाश तळाच्या पैलूवर आदळतो. पैलूचा उतार पुरेसा असेल तर प्रकाश बाहेर न पडता आतल्या आत परततो, समोरच्या पैलूवर जातो, तिथूनही परततो आणि वर येऊन आपल्या डोळ्यांत शिरतो. उतार कमी पडला तर तो पैलूतून सरळ खाली निघून जातो. किती उतार पुरेसा, हे त्या रत्नाच्या वक्रीभवनांकावर ठरते. हिऱ्याचा वक्रीभवनांक २.४२, त्यामुळे हिऱ्याला २५ अंशांचा उतारही पुरतो. माणिक आणि नीलम हे एकाच खनिजाचे, कुरुंदाचे, दोन रंग. त्यांचा अंक साधारण १.७६ आणि त्यांना निदान ३५ अंश लागतात. जांभळा अ‍ॅमेथिस्ट हा क्वार्ट्झ, त्याचा अंक १.५४, त्याला साडेचाळीस अंशांच्या वर जावे लागते. उतार फार झाला तरी बिघडते. मग पहिला पैलू प्रकाश परत फिरवतो खरा, पण समोरचा पैलू त्याला थोपवू शकत नाही आणि प्रकाश तिथून निसटतो. सरळ वरून येणाऱ्या किरणापुरता विचार केला तर नीलमसाठी ३५ ते ४८ अंश एवढा पट्टा हाती राहतो.

गोल खड्यात मध्यापासून काठ सगळीकडे सारखाच दूर असतो. तळाचा एक उतार ठरवला की चहूबाजूंनी तोच. लंबगोलात तसे होत नाही. आठ मिलिमीटर लांब आणि सहा मिलिमीटर रुंद असा बाजारातला नेहमीचा नीलम घेऊ. मध्यापासून लांबीच्या टोकापर्यंत चार मिलिमीटर, बाजूच्या काठापर्यंत तीन. पण तळाचे टोक एकच, म्हणजे दोन्हींकडून उतरायची खोलीही एकच. खड्याच्या कमरेपासून खाली २.६ मिलिमीटर खोली ठेवली, तर बाजूंचे पैलू ४१ अंशांत उतरतात आणि टोकांकडचे ३३ अंशांत. एक्केचाळीस नीलमला उत्तम, तेहेतीस अपुरे. असा खडा बाजूंना झळकतो आणि लांबीच्या अंगाने गळतो. कारागिराने चिडून खोली साडेतीन मिलिमीटर केली, तर टोकांना ४१ अंश मिळतात, पण बाजू ४९ वर चढतात आणि त्या काळवंडतात.

मधली वाट आहे. खोली तीन मिलिमीटर ठेवली तर बाजू ४५ अंशांवर येतात आणि टोके ३७ वर. दोन्ही पट्ट्यात बसतात. वरच्या भागाची उंची सुमारे एक मिलिमीटर धरली तर खड्याची एकूण जाडी रुंदीच्या ६५ टक्क्यांच्या आसपास जाते. चांगल्या लंबगोल नीलमची जाडी रुंदीच्या साठ ते सत्तर टक्के असावी असे जाणकार सांगतात, त्यामागे ही साधी भूमिती आहे.

अ‍ॅमेथिस्टमध्ये एवढीही सोय नाही. त्याचा पट्टा ४०.५ ते ४६.५ इतका अरुंद, आणि आठ बाय सहाचा लंबगोल तळाशी एकाच टोकावर मिटवायचा म्हटला तर तो त्या पट्ट्यात मावतच नाही. एक बाजू साधली की दुसरी सुटते. यावर उपाय असा की तळाला टोक न ठेवता लांबीच्या दिशेने एक छोटी धार ठेवायची. धार दोन मिलिमीटरची असेल तर तिच्या टोकापासून खड्याच्या टोकापर्यंतचे अंतरही तीनच मिलिमीटर उरते, आणि चारी बाजूंचे उतार जुळतात. लंबगोल खडा उलटा करून पाहिला आणि तळाशी अशी सरळ, नेमकी मधोमध धार दिसली, तर कारागिराने विचार केला आहे असे खुशाल समजावे. धार वाकडी असेल किंवा एका अंगाला सरकलेली असेल, तर वरून खडा कितीही देखणा दिसो, त्याची चमक एका बाजूला झुकलेली असणार.

हिरा याच आकारात बराच सुखी राहतो, कारण त्याला २५ अंश पुरतात. कोहिनूर हे त्याचे ठसठशीत उदाहरण. १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमधल्या प्रदर्शनात तो मांडला तेव्हा लोकांनी गर्दी केली आणि निराश होऊन परतले. तो पुरेसा चमकेना. त्याचा जुना घाट हिंदुस्थानी पद्धतीचा, वजन सांभाळणारा होता. पुढच्याच वर्षी अ‍ॅमस्टरडॅमच्या कोस्टर घराण्याचे कारागीर लंडनला बोलावून, वाफेच्या यंत्रावर ३८ दिवस घासून, तो नव्याने पैलूबद्ध केला. जुन्या मापाने १८६ कॅरटचा हिरा १०५.६ कॅरटवर आला आणि लंबगोल झाला. आज तो सुमारे ३.६ सेंटिमीटर लांब, ३.२ रुंद आणि अवघा १.३ सेंटिमीटर जाड आहे. इतके उथळ अंग नीलमला दिले असते तर त्याच्या मधोमध आरपार दिसले असते. बोर्जिओला याहून मोठ्या घटीबद्दल दंड झाला होता. इथे खर्चच आठ हजार पौंडांचा झाला आणि तो मुकाट्याने सोसला गेला.

लंबगोल हिऱ्याला वेगळाच त्रास असतो. मधोमध, रुंदीच्या दिशेने, समोरासमोर दोन काळे त्रिकोण दिसतात. इंग्रजी बाजार त्यांना बो-टाय म्हणतो. तिथले पैलू अशा कोनात बसतात की पाहणाऱ्याच्या स्वतःच्या डोक्याची सावलीच ते परत पाठवतात. खडा हलवला की ते त्रिकोण सरकतात, मिटतात, पुन्हा येतात. रंगीत खड्यातही ते असतात, पण गडद रंगात सहज खपून जातात. हिऱ्यातल्या आधुनिक ओव्हलचे श्रेय लाझार कॅप्लान या कारागिराला आणि १९५७ या सालाला दिले जाते. रंगीत खड्यांना हा आकार त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होता. रोमन लोकांच्या मोहरेच्या अंगठ्यांतले कोरीव अकीक पाहिले तरी बहुतेक लंबगोलच आढळतात.

आतापर्यंत फक्त उजेडाची गोष्ट झाली. हिऱ्यात ती जवळजवळ संपली असती. रंगीत खड्यात ती अर्धीच, कारण गिऱ्हाईक पैसे मोजते ते रंगासाठी.

नीलम सगळ्या दिशांनी सारखा निळा नसतो. स्फटिकाच्या मुख्य अक्षाच्या दिशेने पाहिले तर शुद्ध, जांभळट झाक असलेला निळा दिसतो. आडव्या दिशेने पाहिले तर त्यात हिरवट छटा मिसळते. माणकाचेही तसेच, एका दिशेने जांभळट लाल आणि दुसरीने नारिंगी लाल. म्हणून खड्याचा वरचा सपाट पैलू, टेबल, मुख्य अक्षाला काटकोनात यावा असे कारागीर पाहतो. माणकाचे स्फटिक बऱ्याचदा चपटे असतात आणि हे आपोआप जुळते, फक्त खडा उथळ राहण्याची भीती असते. नीलमचा स्फटिक मात्र त्याच अक्षाच्या दिशेने लांब वाढलेला असतो. उत्तम रंग हवा तर लांबी खोलीत घालवायची आणि तोंडाने लहान, पोटाने खोल खडा घ्यायचा. मोठे तोंड हवे तर गोटा आडवा घालून हिरवट छटा पत्करायची. यात सगळ्यांना मान्य होईल असे उत्तर नाही. काही कारागीर टेबल थोडे तिरपे ठेवून दोन्हींतले थोडे थोडे घेतात.

श्रीलंकेच्या नीलमात आणखी एक खुबी असते. पुष्कळदा सगळा दगड जवळजवळ पांढरा आणि निळा रंग एखाद्या ठिपक्यात किंवा पातळ पट्टीत गोळा झालेला. नवखा माणूस असा दगड टाकून देईल. जाणता कारागीर तो ठिपका नेमका तळाच्या टोकाशी आणतो. खड्यात फिरणारा प्रकाश तळातून जाता-येता ती निळाई उचलतो, आणि वरून पाहणाऱ्याला अख्खा खडा निळा दिसतो. तोच खडा कडेने, पांढऱ्या कागदावर आडवा धरून पाहिला तर वर काचेसारखा पांढरा थर आणि खाली शाईचा थेंब. यात फसवणूक नाही. या कलेतली मला सर्वांत आवडणारी करामत हीच. पण हा ठिपका एक-दोन मिलिमीटरने बाजूला सरकला तर त्याच दगडातून अर्धा निळा, अर्धा फिका खडा निघतो.

म्हणून खोलीचा नियमही सरधोपट लावता येत नाही. फिका नीलम मुद्दाम खोल ठेवतात. प्रकाशाला आत जास्त वाट चालावी लागते आणि रंग गहिरा वाटतो. काळपट निळा किंवा गडद गार्नेट मुद्दाम उथळ ठेवतात, नाहीतर अंगठीत तो काळ्या बटणासारखा दिसतो. अशा गडद खड्यात मध्यभागी थोडी गळती असली तरी ती चालते, किंबहुना तीच त्याला उजळवते.

ज्यांना पैलूंचे काही देणेघेणे नाही असेही लंबगोल आहेत. लसण्यातली फिरती रेघ किंवा तारांकित नीलमची सहा किरणे दिसायला वर घुमट लागतो. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातला ५६३ कॅरटचा ‘स्टार ऑफ इंडिया’ असाच घुमटाकार आहे. ब्रिटिश राजमुकुटाच्या मागच्या बाजूला बसवलेला सुमारे १०४ कॅरटचा स्टुअर्ट नीलमही लंबगोल घुमटच. तारांकित खड्यात कसब एवढेच की तारा नेमका शिखरावर यावा.

हे काम होते कुठे? हिऱ्यासाठी सुरत, तसे रंगीत खड्यांसाठी जयपूर. तिथल्या जोहरी बाजाराच्या आसपासच्या गल्ल्यांत घरोघरी चाके फिरत आली आहेत. श्रीलंकेत रत्नपुरा आणि किनाऱ्यावरचे बेरुवला, थायलंडमध्ये चांथाबुरी, जर्मनीत इडार-ओबरश्टाइन. कच्चा दगड आधी कापून, घासून ढोबळ घाट दिला जातो, मग लाखेने काठीच्या टोकाला चिकटवून फिरत्या चकतीवर एकेक पैलू घासला जातो. श्रीलंकेत उभी चकती धनुष्याच्या दोरीने मागे-पुढे फिरवायची जुनी पद्धत होती. एक हात धनुष्यावर, दुसऱ्या हातात खडा, आणि कोन मोजायला डोळ्याशिवाय काही नाही. अशा खड्यांचे तळ पोटफुगे आणि पैलू वाकडेतिकडे असत, पण दगड वाया गेलेला नसे. कोनमापक बसवलेल्या यंत्रावरही गोलापेक्षा लंबगोल कटकटीचाच. गोल खड्यात एका फेरीतले सगळे पैलू एकाच कोनात घासायचे, फक्त खडा फिरवत जायचे. लंबगोलात टोकाकडचा पैलू वेगळ्या कोनाचा, खांद्याकडचा वेगळ्या, बाजूचा आणखी वेगळ्या, आणि तरी सगळे एका ठिकाणी येऊन भेटले पाहिजेत. नेहमीची चूक खांद्यांत होते. टोकांची गोलाई नीट उतरली नाही की खांदे बाहेर डोकावतात आणि लंबगोलाची चौकट होते.

आता आपल्या बाजारातली गोष्ट. महाराष्ट्रात पुष्कराज किंवा नीलम घेणारी किती माणसे केवळ हौसेने घेतात? बरीच मंडळी पत्रिका दाखवून, सांगितलेले वजन कागदावर लिहून घेऊन सराफाच्या पायरीवर येतात. ‘सव्वापाच रत्ती, त्याहून कमी नको.’ रत्नांच्या बाजारातली रत्ती सुमारे ०.१८ ग्रॅमची, म्हणजे ०.९१ कॅरट, सव्वापाच रत्ती म्हणजे पावणेपाच कॅरटच्या थोडे वर. ग्रहांचे ग्रह पाहून घेतील. मला बोलायचे आहे ते या हट्टाने खड्याच्या पोटाचे काय होते त्याबद्दल.

लंबगोल खड्याचे वजन अंगठीतून न काढता अंदाजता येते. लांबी-रुंदीची मिलिमीटरमधली सरासरी घ्यायची, तिचा वर्ग करायचा, त्याला जाडीने, मग खनिजाच्या विशिष्ट गुरुत्वाने आणि शेवटी ०.००२ ने गुणायचे. पुष्कराजही कुरुंदच, आणि कुरुंदाचे विशिष्ट गुरुत्व ४. दहा बाय आठचा, ५.२ मिलिमीटर जाडीचा नीटस पुष्कराज या हिशोबाने सुमारे ३.४ कॅरट भरतो. तोंडाचा आकार तोच ठेवून पावणेपाच कॅरटच्या वर जायचे असेल तर जाडी ७.४ मिलिमीटर करावी लागते, म्हणजे रुंदीच्या ९० टक्क्यांहून जास्त. दोन्ही खडे वरून सारखेच मोठे दिसतात. दुसऱ्यात जवळजवळ दीड कॅरट नुसते पोट आहे. ते अंगठीत बोटाला टोचते, उजेड नीट परत पाठवत नाही, आणि त्याचे पैसे मात्र कॅरटच्या भावानेच मोजलेले असतात. त्याच वजनाचा नीट कापलेला खडा अकरा बाय नऊचा, डोळ्यांत भरण्याइतका मोठा मिळाला असता. सांगून आणलेले वजन भरून द्यायचे आहे हे एकदा कळले की पोट छाटण्याचा शहाणपणा कोण करील? दोष एकट्या कारागिराचा नाही. मागणीच पोटाची आहे.

निर्यातीच्या दागिन्यांत उलट टोकाचा आग्रह आढळतो. अंधेरीच्या सीप्झमधल्यासारख्या कारखान्यांत अंगठ्यांचे साचे आधी ओतलेले असतात. खडा त्या घरात बसला पाहिजे, वजन दुय्यम. म्हणून सहा बाय चार, सात बाय पाच, आठ बाय सहा, नऊ बाय सात, दहा बाय आठ अशी ठरलेली मापे आली. गंमत अशी की लांबी-रुंदीतला फरक सगळीकडे दोनच मिलिमीटर, त्यामुळे लहान खडा जास्त लांबट आणि मोठा खडा जास्त गोलसर होत जातो. सहा बाय चारमध्ये लांबी रुंदीच्या दीडपट असते, तर दहा बाय आठमध्ये जेमतेम सव्वापट. एकाच संचातल्या कानातल्याचा आणि पदकाचा खडा शेजारी ठेवला तर ते एका घरातले वाटत नाहीत, त्याचे कारण हे. मौल्यवान दगड मात्र कुणी मापात बसवायला जात नाही. दगड जेवढा देईल तेवढा घ्यायचा आणि कोंदण त्याच्याभोवती घडवायचे.

या आकाराची जगभर हवा झाली ती एका अंगठीने. १९८१ मध्ये डायना स्पेन्सरने साखरपुड्यासाठी लंडनच्या गॅरार्ड पेढीची जी अंगठी निवडली तिच्यात १२ कॅरटचा लंबगोल सिलोनी नीलम आणि भोवती १४ हिरे होते. २०१० मध्ये तीच अंगठी केट मिडलटनच्या बोटात आली आणि नकलांची दुसरी लाट उसळली.

खडा विकत घेताना एवढे पाहता येते. तो वर्तमानपत्रावर तोंड वर करून ठेवावा आणि सरळ वरून पाहावे. मधून अक्षरे वाचता आली तर तळाचा उतार कमी आहे. जितका भाग वाचता येतो तितक्या भागाचा रंग फिका पडणार. मग खडा चिमटीत धरून हळू कलंडावा. थोडे कलंडताच अक्षरे दिसू लागणे हे लंबगोलात चालते. फार गडद खडा सोडला तर सरळ पाहताना दिसणे चालत नाही. नंतर कडेने पोट पाहावे, ते दोन्ही अंगांनी सारखे आहे का आणि टोक मध्यात आहे का. शेवटी पांढऱ्या कागदावर आडवा ठेवून रंग कुठे बसला आहे ते पाहावे. तळाशी असेल तर बेधडक घ्यावा, पण पुढे कधी तो पुन्हा घासायला देऊ नये; तळ छाटला की रंगही जातो.

कारण पुन्हा घासण्याचा मोह होतोच. पोटफुगा खडा नीट कापला तर तो उजळतो, अंगठीत नीट बसतो, रंगही कित्येकदा सुधारतो. तरी बाजारात असे हजारो खडे वर्षानुवर्षे तसेच फिरत राहतात. रत्नांचा भाव कॅरटच्या पूर्ण आकड्यांवर पायरीसारखा चढतो. समजा २.१० कॅरटचा नीलम आहे. घासला तर तो १.८५ चा होईल, पण त्याबरोबर दोन कॅरटच्या खालच्या भावात उतरेल. वजन कमी, भावही कमी, वर मजुरी, आणि घासताना आतली एखादी जुनी चीर उघडण्याचा धोका. व्यापारी हा हिशोब मनात क्षणात करतो, खडा पुडीत घालतो आणि गिऱ्हाइकासमोर दिव्याचा कोन थोडा बदलून घेतो.